हार्ड डिस्कची जबानी
हार्ड डिस्कला संगणकाने प्रकृती विचारली, तर उत्तर दोन बाइटांत येते. प्रश्नासोबत ४एफ आणि सी२ या दोन हेक्साडेसिमल संख्या पाठवायच्या. सारे ठीक असेल तर त्याच परत येतात. बिघाड जवळ आल्याचे डिस्कचे मत असेल तर त्यांचे अंक उलटून एफ४ आणि २सी येतात. या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ म्हणतात. ‘डिस्क पास’ असा जो शेरा आपल्याला पडद्यावर दिसतो, तो या होकार-नकारावर उभा असतो. व्यवस्थेचा सर्वांत ओळखीचा भाग हाच, आणि सर्वांत कमी भरवशाचाही हाच. डिस्क ज्या नोंदी ठेवते त्या खरोखर मोलाच्या आहेत. त्यांच्यावरून ती जो निकाल देते तो मात्र उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादांवर दिलेला असतो. या दोन गोष्टी एक समजल्या की फसगत ठरलेली.

हे असे का झाले, ते जन्मकथेतच दिसते. आयबीएमने १९९२ मध्ये एएस/४०० संगणकांच्या डिस्कसंचासाठी बिघाडाचे भाकीत करणारी सोय आणली. डिस्क आतल्या आत मोजमापे घेई आणि बाहेर फक्त इशारा देई. पुढे कॉम्पॅकने सीगेट, क्वांटम आणि कॉनर या डिस्क कंपन्यांना घेऊन इंटेलिसेफ तयार केले. त्यात मोजमापे बाहेर दिसू लागली, पण काय मोजायचे आणि धोक्याची पातळी कुठे ठेवायची हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. १९९५ मध्ये कॉम्पॅकने हीच रचना प्रमाणीकरणासाठी पुढे केली. एकमेकांच्या प्रतिस्पर्धी कंपन्या एका टेबलाशी बसल्यावर एकमत झाले ते निरोप कसा पाठवायचा यावर; निरोपात काय असावे यावर नाही. गुणधर्मांचा तक्ता मसुद्यात होता, पण एटीए या डिस्क-जोडणीच्या प्रमाणकात त्याची सक्ती उरली नाही. उरला तो होकार-नकार. तक्ता कंपन्यांनी रूढी म्हणून चालू ठेवला.

हा तक्ता पाहण्यासारखा आहे. त्यात ३० ओळी, प्रत्येक ओळ १२ बाइटांची. ओळीत गुणधर्माचा क्रमांक, काही खुणा, आजवरची सर्वांत वाईट पातळी, सध्याची पातळी आणि सहा बाइटांची कच्ची संख्या. पातळी बहुधा १०० किंवा २०० पासून खाली उतरत जाते, आणि ठरलेल्या उंबरठ्याला टेकली की निकाल बदलतो. कच्च्या संख्येची पातळी कशी करायची ते सूत्र उत्पादकापाशी. म्हणूनच ५ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे बदली दिलेल्या सेक्टरांच्या मोजणीत, शेकडो सेक्टर गेलेले असूनही डिस्क स्वतःला ‘पास’ म्हणवू शकते. १९७ क्रमांकाच्या ओळीचे तर आणखी वेगळे. एखादा सेक्टर वाचता आला नाही की तो तिथे ‘प्रलंबित’ म्हणून धरला जातो. पुढे त्यावर लिहिण्याची वेळ आली आणि तो चालला, तर आकडा पुन्हा कमी होतो. नाही चालला, तर राखीव जागेतला सेक्टर त्याच्या जागी येतो आणि ५ क्रमांकाच्या ओळीतला आकडा वाढतो. आज इथे शून्य दिसणे म्हणजे मागच्या महिन्यातही शून्य होते, असे नव्हे. सीगेटच्या बऱ्याच डिस्कवर १ क्रमांकाच्या ओळीत कोट्यवधी ‘वाचनदोष’ दिसतात आणि माणूस घाबरतो. प्रत्यक्षात त्या संख्येच्या खालच्या ३२ बिटांत एकूण वाचनांची मोजणी असते आणि दोष वरच्या १६ बिटांत. ही कुलपे एकेक करून उघडण्याचे काम कंपन्यांनी नव्हे, स्मार्टमॉनटूल्स या मुक्त प्रकल्पाने केले. तो सुरू केला ब्रूस ॲलन या गुरुत्वीय लहरींच्या अभ्यासकाने.

या साऱ्या नोंदी राहतात तबकडीवरच, वापरकर्त्याच्या वाचन-लेखनाला न दिसणाऱ्या सेवाक्षेत्रात. कारखान्यातच सापडलेल्या सदोष जागांची यादी आणि नंतर वाढत गेलेली यादीही तिथेच. त्या-त्या हेडला जुळवून घेतलेली काही मापे सर्किट बोर्डावरच्या छोट्या रॉम चिपमध्ये असतात. म्हणून त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड लावून भागत नाही, चिपही हलवावी लागते. रचनेतली उणीव उघड आहे: हेडच निकामी झाले तर आजाराबरोबर आजाराचा इतिहासही वाचता येत नाही.

मग या नोंदींवर वेळ का घालवायचा? आक्षेप वाजवी आहे आणि त्याला पुरावाही आहे. गूगलच्या तिघा संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आढळले नव्हते. तापमान सोडून बाकीची सारी मापे धरली तरी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्क निरोगी दिसतच गेल्या. पण त्याच अभ्यासात दुसरी बाजू आहे: पहिला स्कॅनदोष (डिस्क स्वतःच पृष्ठभाग तपासताना सापडणारा दोष) दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता दोष नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. बॅकब्लेझ या ऑनलाइन साठवण कंपनीने २०१६ मध्ये ५, १८७, १८८, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या पाच ओळी तपासल्या. बंद पडलेल्या डिस्कपैकी ७६.७ टक्के डिस्कमध्ये त्यांतली एक तरी शून्यावर नव्हती. चालू डिस्कमध्ये असे प्रमाण ४.२ टक्के. म्हणजे मौनावर विसंबू नये, पण बोललेले ऐकावे. बॅकअपला पर्याय नाही, आणि वाढत्या कच्च्या आकड्याकडे डोळेझाक करण्यालाही सबब नाही.

उत्पादकांची बाजू अशी की कच्चे आकडे उघडे टाकले तर लोक सुस्थितीतल्या डिस्क परत करतील, आणि प्रत्येक डिस्कची अंतर्गत रचना वेगळी असल्याने सर्वांना एकच तक्ता लावता येणार नाही. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. सीगेटची १ क्रमांकाची ओळ त्याचेच उदाहरण. पण तिथे गोंधळ आकड्याने केला नाही, अर्थ न सांगितल्याने झाला. दुसरा मुद्दा एनव्हीएमई या एसएसडींसाठीच्या प्रमाणकाने खोडून काढला. त्यात प्रकृतीच्या नोंदीचे ५१२ बाइटांचे पान ठरलेले आहे: तापमान, शिल्लक राखीव जागा, झालेली झीज, चालू तास, अचानक वीज गेल्याची मोजणी, सारे नेमक्या जागी, सर्व कंपन्यांसाठी. आतली रचना तिथेही कंपनीगणिक वेगळी आहेच. आणि लपवलेली नोंद कुणाच्या कामी येते ते २०२५ च्या सुरुवातीला दिसले. जर्मनीत नव्या म्हणून विकल्या गेलेल्या सीगेटच्या डिस्क आधी वापरलेल्या निघाल्या. विक्रीसाखळीत कुणीतरी स्मार्टचे तास पुसले होते. सीगेटच्याच ‘फार्म’ नावाच्या वेगळ्या नोंदवहीत मात्र हजारो तास तसेच राहिले होते, आणि ग्राहकांनी ते वाचले स्मार्टमॉनटूल्सच्याच आधाराने.