झोपेतून उठल्यावरचे झटके

दिवाळीत शेजारी लवंगीची माळ लागली की दोन-तीन महिन्यांचं बाळ दोन्ही हात फेकून दचकतं. त्यात काळजीचं काही नाही. आवाज झाला म्हणून ते दचकलं, आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत हे दचकणं आपसूक जातं. पण घरात सगळं शांत आहे, पाच-सहा महिन्यांचं बाळ नुकतंच झोपेतून उठलंय आणि अचानक मान पुढे टाकतं, हात उडवतं, पाय पोटाशी घेतं. सेकंद-दोन सेकंदांत सैल पडतं. थोड्या वेळानं पुन्हा तेच, असं ओळीनं दहा-वीस वेळा, आणि मग रडतं. डॉक्टर याला इन्फंटाइल स्पाझम म्हणतात. ही मिरगीच, पण मिरगीसारखी न दिसणारी.

म्हणूनच सातारा-सांगलीकडच्या घरांत आजी म्हणते, "अगं, पोट दुखतंय त्याचं, बेंबीला हिंग लाव." पुढे दृष्ट काढणं, अंगारा. आजीला दोष देण्यात अर्थ नाही. आकडी म्हटलं की दातखीळ आणि तोंडाला फेस हेच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं. फक्त एक ध्यानात ठेवावं: लहानग्यांची पोटदुखीची रड बहुधा चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते. पाचव्या महिन्यात नव्यानं सुरू झालेला, दररोज त्याच तऱ्हेनं येणारा 'मुरडा' संशयास्पद. त्यात हसरं बाळ हसेनासं झालं, नजर देईनासं झालं, तर एक दिवसही थांबू नये.

या आजाराचं पहिलं नेमकं वर्णन एका बापानं केलं. इंग्लंडमधल्या टनब्रिजचे डॉक्टर विल्यम वेस्ट यांनी १८४१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून आपल्याच मुलाचे झटके मांडले. जळवा लावून झाल्या, जुलाब देऊन झाले, कशाचा उपयोग नाही; कुणाला काही ठाऊक असेल तर सांगा, अशी त्यांची विनवणी होती. उपयोगी इलाज सापडायला शतक उलटलं. १९५२ मध्ये या बाळांच्या ईईजीतल्या, म्हणजे मेंदूच्या विद्युत-आलेखातल्या, विस्कटलेल्या लहरींना हिप्सअरिदमिया हे नाव मिळालं, आणि १९५८ मध्ये एसीटीएच हे संप्रेरक लागू पडतं असं दिसलं.

आजार तसा विरळा, दहा हजार जन्मांमागे दोन ते पाच बाळांना होणारा. आपल्याकडे कारणं बऱ्याचदा जन्माच्या वेळची असतात: बाळ उशिरा रडणं, पहिल्या दिवसांत रक्तातली साखर उतरणं. अशा बाळांच्या आईबापांना घरी सोडतानाच या झटक्यांबद्दल सांगायला हवं; ते फार क्वचित सांगितलं जातं.

डॉक्टरांसमोर बाळ नेमकं शांत पडून राहतं. त्यामुळे झटके येताना मोबाइलवर व्हिडिओ काढावा; दहा वाक्यांत जे सांगता येत नाही ते त्यात दिसतं. ईईजी झोपेतला हवा. नेहमीची फिटची औषधं इथे फारशी चालत नाहीत. एसीटीएचची इंजेक्शनं, जास्त मात्रेतलं प्रेडनिसोलोन किंवा व्हिगाबॅट्रिन हेच मुख्य उपचार. अंगावर फिक्कट पांढरे डाग असलेला ट्यूबरस स्क्लेरोसिस हा आजार निघाला, तर व्हिगाबॅट्रिनला पसंती. झटके कमी झाले यावर समाधान मानायचं नाही. ते पूर्ण थांबले पाहिजेत आणि ईईजीही सुधारला पाहिजे. साधारण दोन आठवड्यांत ते कळतं, नाहीतर औषध बदलावं लागतं. उपचाराला जितका उशीर, तितकी बुद्धीच्या वाढीची हानी अधिक.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा मुलं तपासतात. काम मोलाचं, पण या आजाराला सहा महिन्यांची वाट परवडत नाही. जत, आटपाडी किंवा म्हसवडच्या आईनं पथकाची वाट न पाहता थेट मिरज-सांगलीचं शासकीय रुग्णालय किंवा साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय गाठावं, आणि मेंदूविकाराच्या बालतज्ज्ञाकडे पाठवायला सांगावं.

हंगामात कारखान्यांच्या तळावर उतरणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचा प्रश्न आणखी वेगळा: उपचार चालू असतानाच मुक्काम हलतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड; त्यानं बाळाची भूक वाढते, चिडचिड होते, रक्तदाब चढतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. रक्तदाब पुन्हापुन्हा मोजावा लागतो, काही लसी पुढे ढकलाव्या लागतात. आणि गोळ्या एकदम बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं. टोळी मध्येच दुसऱ्या फडावर हलली तरी कोणत्या तारखेपासून किती गोळी कमी करायची हे केसपेपरवर मराठीत लिहून घ्यावं, आणि मुकादमाकडून पुढच्या ईईजीच्या दिवसाची सुट्टी आधीच मागून ठेवावी.