तांदळा आणि आरसा

गारगोटीहून कोणत्याही वाडीकडे निघा, शिवेवर किंवा बांधाच्या कडेला शेंदूर फासलेला एखादा दगड भेटतोच. त्याला ना नाक-डोळे, ना छिन्नीचा घाव. हा तांदळा, तो आपणहून प्रकटला अशी श्रद्धा असेल, तर स्वयंभू. घडवणाऱ्याचा हात दिसेनासा झाला की दगडाचे देवपण वाढते, ही समज या मुलखात मुरलेली आहे. इथल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या पाटगावच्या महाराजांची ओळखही मौनाचीच. शिल्पकार अनिश कपूर यांच्या १९७९ पासूनच्या कामाचा मागोवा घेताना ही समज हाताशी ठेवावी. त्यांना मिनिमलिस्ट, म्हणजे रूप कमीत कमी ठेवणारे, म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. त्यांनी रूपाला लावलेली कात्री अमेरिकी मिनिमलिझमपेक्षा आपल्या तांदळ्याच्या अधिक जवळची आहे.

कपूर यांचा जन्म १९५४ चा, मुंबईचा. आईचे वडील पुण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना गात. शाळा देहरादूनला झाली आणि १९७३ मध्ये ते कला शिकायला इंग्लंडला गेले. मिनिमलिझम तोवर प्रस्थापित झाला होता. अमेरिकेत डोनाल्ड जड पत्र्याच्या पेट्या कारखान्यातून करवून घेत. पेटी ही पेटीच, तिच्या पोटात अर्थ शोधू नका, असा तो रोकडा विचार. उघडी भूमिती आणि लपलेला हात एवढे कपूर यांनी त्यातून उचलले. पण १९७९ च्या भारतभेटीनंतर त्यांनी ‘हजार नावे’ ही मालिका केली, तेव्हा वाट बदलली. शंकू, अर्धगोल, पायऱ्या-पायऱ्यांची शिखरे असे साधे आकार, आणि त्यांवर लाल, पिवळ्या, निळ्या रंगाची कोरडी पूड. पूड बुडाशी जमिनीवरही पसरलेली असते, त्यामुळे वस्तू कुठे संपली आणि फरशी कुठे सुरू झाली हे कळत नाही. जोराची फुंकर मारली तरी कड मोडेल. जोतिबाच्या चैत्र यात्रेत पायऱ्या, दगड आणि माणसे गुलालात एकरंगी होताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. जड यांची पेटी म्हणते, दिसते तेवढेच आहे. हे आकार म्हणतात, दिसते त्याहून जास्त खाली गाडलेले आहे. शीर्षकातही सहस्रनामाची परंपरा जागी होते.

पुढच्या तीस वर्षांत साधने बदलली, धागा तोच राहिला. १९९२ मध्ये जर्मनीतल्या कासेल येथे त्यांनी घनाकार खोलीच्या जमिनीत एक गोल खड्डा केला. आतला लेप इतका गडद, की खड्डा सपाट काळ्या वर्तुळासारखा दिसे. २०१८ मध्ये हेच काम पोर्तुगालमध्ये मांडले असताना एक प्रेक्षक त्या सुमारे अडीच मीटर खोल खड्ड्यात पडला. शिकागोतले ‘क्लाउड गेट’ २००६ मध्ये पूर्ण झाले. १६८ स्टीलचे पत्रे जोडून सांधे असे घासले, की एकही रेघ दिसू नये. शहर त्याला घेवड्याचा दाणा म्हणते. जोडकाम कुणाला आठवत नाही. २००७ च्या एका कामाचे तर नावच ‘स्वयंभ’. लाल मेणाचा प्रचंड ठोकळा रुळांवरून दारांच्या कमानींतून सरकतो आणि कमानीच त्याला आकार देतात. तिथे शिल्पकाराचा हात शोधायचा कुठे?

यावर पहिला आक्षेप असा, की कपूर यांना स्वतःवर ‘भारतीय’ हा शिक्का नको असतो. मग आपण त्यांना तांदळ्याशी का बांधावे? पण इथे दावा कुळाचा नाही, कृतीचा आहे. हात पुसून टाकायची रीत तांदळ्याला लागू पडते तशी या कामालाही पडते. कर्त्याचे पारपत्र तपासायची गरज नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. तांदळ्याला चिमूटभर शेंदूर पुरतो; इथे कारखाने, अभियंते आणि अफाट पैसा लागतो. हा कसला कमीपणा? तो खर्चात नाही, रूपात आहे, हे उत्तर बरोबर असले तरी पुरेसे नाही. २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकसाठी कपूर यांनी उभारलेला ११४.५ मीटर उंचीचा लोखंडी मनोरा पाहा. गुंतवळीसारखे वेटोळे, प्रत्येक सांधा उघडा, आणि उंचीचाच बडेजाव. साधने मोठी झाली म्हणून तो फसला नाही, कारण शिकागोचा आरसाही काही लहान नाही. तो फसला, कारण तिथे कारागिरी लपण्याऐवजी मिरवू लागली.

तेव्हा निवाडा सरळ आहे. कपूर जिथे गप्प राहिले तिथे मोठे ठरले. जिथे बोलू लागले तिथे साधारण. हाच निकष घरीही लावायला हवा. जीर्णोद्धाराच्या उत्साहात तांदळ्यांना चांदीचे डोळे आणि मिशा बसतात, गाभाऱ्याला चकचकीत फरशा लागतात. वर्गणी जमवण्याआधी गावाने एकदा त्या दगडासमोर नुसते उभे राहून पाहावे. त्यात काही कमी आहे असे खरोखर वाटते का?