तीन एचपीची मोटर, चार वेगळी मापं

मुंबईत लोहार चाळीत किंवा नागदेवी स्ट्रीटवर मोटरांच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं, की एक मागणी हमखास ऐकू येते : "तीन एचपीची मोटर द्या." दुकानदाराने "फ्रेम कुठली?" असं विचारलंच, तर गिऱ्हाईक वैतागतं. "अहो, तीन एचपी म्हणजे तीन एचपी. फ्रेम कसली विचारताय?" मग मोटर टेम्पोत चढते आणि गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या पंपखोलीत नाहीतर लालबागच्या मिरची गल्लीत मसाला कांडायच्या डंकापाशी जाऊन पोचते. तिथे कळतं, की पायांची भोकं जुन्या बोल्टांवर येत नाहीत, शाफ्ट पंपाच्या रेषेत नाही आणि जुनं कपलिंग नव्या शाफ्टवर चढत नाही. दुकानदाराने फसवलं, कंपनीने माप बदललं, असे आरोप सुरू होतात. मोटर बरोबरच असते. चुकलेली असते ती मागणी.

एचपी सारखी म्हणजे मोटर सारखी, हा समज फार चिवट आहे. चाळीच्या कमिटीच्या बैठकीत तो बोलला जातो, कोटेशनात छापला जातो, आणि कित्येक अनुभवी मिस्त्रीही तो बिनदिक्कत सांगतात. त्यापायी दर वर्षी किती लोखंड गॅसने कापलं जातं आणि किती बेअरिंगं अकाली मरतात, हे पाहिलं की चिडायला होतं. कारण ही चूक टाळायला इंजिनिअर असावं लागत नाही, नेमप्लेटवरचा आणखी एक आकडा वाचावा लागतो.

एचपी सांगते ती मोटर किती वेगाने काम उरकते ते. मोटरचं आकारमान ठरतं ते तिला शाफ्टवर किती पीळ द्यावा लागतो, म्हणजे टॉर्क किती, त्यावर. तीन एचपी म्हणजे २.२ किलोवॅट. तेवढंच काम भरभर फिरून केलं तर पीळ कमी लागतो, सावकाश फिरून केलं तर जास्त. बेस्टचा पुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे दोन पोलची (म्हणजे दोन चुंबकी ध्रुवांची) मोटर भार घेऊन मिनिटाला साधारण २८८० फेरे करते, चार पोलची १४४०, सहा पोलची ९५० च्या आसपास आणि आठ पोलची ७१० च्या आसपास. हिशेब केला तर २.२ किलोवॅटसाठी टॉर्क अनुक्रमे सुमारे ७, साडेचौदा, २२ आणि ३० न्यूटन मीटर येतो. चौथी मोटर पहिलीच्या चौपट पीळ देते. त्यासाठी तिच्यात लोखंड जास्त, तांबं जास्त, शाफ्ट जाड. ती पहिलीच्या जागेवर बसणार कशी?

आता मापं बघा. आपल्याकडच्या प्रमाणित तीन-फेज मोटरींमध्ये २.२ किलोवॅटची दोन पोलची मोटर ९० एल फ्रेममध्ये येते, चार पोलची १०० एल, सहा पोलची ११२ एम, आणि आठ पोलची १३२ एस. पायांच्या भोकांमधलं आडवं अंतर याच क्रमाने १४०, १६०, १९० आणि २१६ मिलिमीटर. शाफ्टची जाडी २४, २८, २८ आणि ३८. एचपी एकच, नेमप्लेटवर तीच, पण चारही मोटरी एकमेकींच्या जागी बसत नाहीत. ज्याला हे खोटं वाटेल त्याने पायावर बसवायच्या मोटरींच्या मापांचं भारतीय मानक आयएस १२३१ उघडावं, किंवा कुठल्याही कंपनीच्या कॅटलॉगचं शेवटचं पान. आकडे तेच निघतील.

उलट दिशेनेही तेच. १३२ एस या एकाच फ्रेममध्ये चार पोलची ५.५ किलोवॅटची मोटर मिळते आणि आठ पोलची २.२ ची. तेव्हा फ्रेमच्या आकड्यावरून एचपी ओळखणारे आणि एचपीवरून फ्रेम गृहीत धरणारे, दोघेही चुकतात.

न बसणारी मोटर मग बसवली जाते, आणि खरं नुकसान इथे होतं. बेडची भोकं गॅसने लांबवली जातात. पायाखाली पत्र्याचे तुकडे, जुन्या हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे, जे हाताला लागेल ते सरकवलं जातं. २४ चा शाफ्ट २८ च्या कपलिंगमध्ये ढिला होतो म्हणून लेथवाल्याकडून बुश मारून आणतात. २४ आणि २८ या दोन्ही शाफ्टांना चावी, म्हणजे शाफ्ट आणि कपलिंग एकत्र अडकवणारी पट्टी, ८ मिलिमीटर रुंदीचीच लागते, त्यामुळे काम जमल्यासारखं दिसतं. पण त्या बुशची भिंत अवघी २ मिलिमीटर, आणि तिच्यातूनच चावीचा गाळा कापलेला. काही दिवस सगळं ठीक चालतं. नंतर कपलिंगमधल्या रबराचा भुगा खाली साचू लागतो, बेअरिंग आवाज करतं, आणि मे महिन्याच्या ऐन हंगामात, वर्षभराचा मसाला कांडायला रांग लागलेली असताना, डंक बंद पडतो. "आजकालच्या मोटरी टिकत नाहीत," असं म्हणून विषय संपवतात. मोटरीवर हा अन्याय आहे.

मग फ्रेमचा आकडा सांगतो तरी काय? अगदी साधी गोष्ट : मोटरच्या पायांच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, मिलिमीटरमध्ये. १०० फ्रेम म्हणजे १०० मिलिमीटर, १३२ म्हणजे १३२. त्यात कुठलं गुपित नाही, कंपनीचा सांकेतिक क्रमांक नाही. ही उंची कळली की पंपाच्या आणि मोटरच्या शाफ्टचे मध्य एका रेषेत येतील की नाही, ते कपलिंगला हात लावण्याआधीच कळतं. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६००७२-१ याच पायावर उभं आहे, आणि आपली मानकंही त्याच मापांची.

५६, ६३, ७१, ८०, ९०, १००, ११२ हे आकडे विचित्र वाटतात खरे. ते चार्ल्स रेनार या फ्रेंच लष्करी अभियंत्याच्या पद्धतीतून आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लष्करी बलूनसाठी लागणाऱ्या दोरांच्या शेकडो जाड्या पाहून त्याने ठरावीक गुणोत्तराने वाढणारी मोजकी मापं सुचवली. मोटरींच्या मालिकेत प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी मोठी आहे. १३२ हा आकडा मात्र या क्रमात बसत नाही. तिथे १२५ आणि १४० हवे होते. तो अमेरिकी इंचांच्या मापाजवळचा आहे. तिथल्या सव्वापाच इंच उंचीच्या मोटरीचं माप १३३.३५ मिलिमीटर भरतं. १६० एल फ्रेमच्या पायांच्या भोकांचं २५४ मिलिमीटर हे अंतर तर बरोबर १० इंच आहे. मेट्रिक मानकातही इंच असा मुरलेला आहे.

एक बारकावा इथेच सांगायला हवा, कारण पॅकिंगविषयीही उलटसुलट बोललं जातं. २५० पर्यंतच्या फ्रेमसाठी शाफ्टची उंची ठरलेल्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी असली तर चालते. जास्त असलेली अजिबात चालत नाही. सूट मुद्दाम एकाच बाजूला ठेवली आहे. बुटकी मोटर पातळ शिम घालून वर आणता येते. उंच निघाली तर तिचे पाय घासावे लागतील. म्हणून दोन-तीन पातळ शिम हे चांगल्या फिटरचं काम आहे. १०० च्या जागी ९० आणून खाली १० मिलिमीटरचा पत्र्यांचा थर रचणं हे नव्हे. तिथे मशीनवर सपाट केलेली एकसंध प्लेट लागते.

दुसरा गैरसमज पहिल्याच्या बरोबर उलटा आहे आणि तितकाच महाग पडतो : ज्या कंपनीची मोटर गेली, त्याच कंपनीची आणावी लागते. परळ-लालबागमध्ये मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या पंपखोल्यांत हे फार चालतं. ठरावीक मॉडेल मिळेपर्यंत रहिवासी टँकरवर दिवस काढतात. प्रमाणित मापांचा सगळा खटाटोप नेमका हे परावलंबन मोडण्यासाठी झाला. कोणत्याही कंपनीचा बल्ब त्याच होल्डरमध्ये बसावा, तसंच हे. क्रॉम्प्टनची, किर्लोस्करची, सिमेन्सची किंवा एबीबीची १३२ एम मोटर असो, भोकांची अंतरं २१६ आणि १७८, शाफ्ट ३८ आणि त्याची बाहेर आलेली लांबी ८०. मोटर बदलताना कंपनी सांगण्यापेक्षा किलोवॅट, पोल, फ्रेम आणि माउंटिंग (पायावर की फ्लँजवर) या चार गोष्टी सांगितल्या, तर बाजारातला पर्याय एकावरून दहावर जातो.

मिलच्या जमान्यात ही सोय नव्हती. गिरणगावात आधी वाफेच्या एका इंजिनावर दोरांनी आणि पट्ट्यांनी सगळी गिरणी फिरे. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून वीज आली, तेव्हाही पुष्कळ ठिकाणी एक मोठी मोटर जुन्याच लांब शाफ्टला जोडली गेली. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली, आणि त्याबरोबर मोटर बदलण्याचा प्रश्न शेकडो पटींनी वाढला. समान मापांची गरज भासली ती अशी.

"बसली म्हणजे चालली" हा तिसरा समज. तो धोक्याचा आहे, कारण इथे अडवायला बोल्टही नसतात. ५.५ किलोवॅटची दोन पोलची आणि चार पोलची, दोन्ही मोटरी १३२ एस फ्रेमच्याच. दोन्ही त्याच बोल्टांवर बसतात, कपलिंगही तेच चढतं. पण २८८० च्या जागी १४४० ची मोटर लावली, तर पंपाचा वेग निम्मा होतो आणि पाणी चढवण्याची उंची एक चतुर्थांशावर येते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. जो पंप २० मीटरवरची टाकी भरत होता, तो ५ मीटरवर दमतो. चौथ्या मजल्यावरची बिऱ्हाडं नळाखाली बादली लावून बसतात आणि खाली मोटर सुरळीत फिरत असते. उलटा बदल झाला तर पंप चौपट दाब आणि जवळपास आठपट शक्ती मागतो, आणि वाइंडिंग जळतं.

बाकीचे समज थोडक्यात. एस, एम, एल ही अक्षरं ताकदीची नाहीत. ती शाफ्टच्या दिशेने पायांच्या भोकांमधलं अंतर कमी, मध्यम की लांब ते सांगतात. १३२ एसला ते १४०, १३२ एमला १७८. पुष्कळ कंपन्या एकाच पायावर दोन्ही भोकं पाडून देतात.

फ्लँजचा आकडा, उदाहरणार्थ एफएफ १६५, हा फ्लँजचा बाहेरचा व्यास नाही. बोल्टांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा तो व्यास. बाहेरचा व्यास २०० असतो. टेप लावून बाहेरून मोजणारे इथे दर वेळी फसतात. फ्लँज मोटरींसाठी आयएस २२२३ बघावं.

जुनी मोटर मोठी होती म्हणून ती जास्त ताकदवान होती, असंही नाही. इन्सुलेशन सुधारलं, वाइंडिंग जास्त तापमान सोसू लागलं आणि मोटर आटली. अमेरिकेत पाच एचपीची चार पोलची मोटर एकेकाळी सव्वासहा इंच उंचीच्या फ्रेममध्ये येत असे. १९५२ आणि १९६४ च्या फेरबदलांनंतर ती आधी सव्वापाच आणि मग साडेचार इंचांवर आली.

आयात यंत्रावरची अमेरिकी मोटर "जवळपास सारखीच" असते, हे तर अर्धसत्य. अमेरिकी १८४ टी आणि आपली ११२ एम शेजारी ठेवल्या तर भोकांची अंतरं १९०.५ आणि १९०, १३९.७ आणि १४० : बोल्ट सहज बसतात. पण उंची ११४.३ आणि ११२, शाफ्ट २८.५७५ आणि २८. आपलं २८ चं कपलिंग तिच्यावर चढणारच नाही. आणि अमेरिकी "५६" म्हणजे ५६ मिलिमीटर मुळीच नव्हे. तो इंचाच्या सोळाव्या भागांचा हिशेब आहे, म्हणजे साडेतीन इंच.

चाळींमधले बरेच पंप मोनोब्लॉक असतात. त्यांत पंप आणि मोटर एकाच शाफ्टवर असतात, वेगळं कपलिंग नसतं. तिथे वरचा फ्रेमचा हिशेब तसाच लावू नये. संपूर्ण संच बदलताना पायांची भोकं आणि पाइपांची तोंडं मोजावीत.

प्रमाणित फ्रेम म्हणजे मोटरची लांबीही ठरलेली, असं समजू नये. मानक बसवण्याची मापं बांधून देतं. पंख्याच्या झाकणापर्यंतची एकूण लांबी कंपनीगणिक बदलते, आणि टर्मिनल बॉक्स वर असेल की बाजूला तेही. जास्त कार्यक्षमतेच्या नव्या मोटरी तर पुष्कळदा लांब असतात. जिन्याखालच्या अरुंद पंपखोलीत मागची भिंत मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नये, कारण पंख्याला हवा ओढायला मागे जागा लागते.

नेमप्लेट ऑइलपेंटखाली गाडली गेली असेल, तर रंग हलकेच खरवडावा. ती नाहीशीच झाली असेल, तर मोटरच्या पायाच्या तळापासून शाफ्टच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजावं आणि त्यात शाफ्टच्या व्यासाचा अर्धा भाग मिळवावा. ९८ आणि १४ मिळून ११२ आले, तर फ्रेम ११२. मग भोकांची दोन्ही अंतरं आणि शाफ्टची लांबी कागदावर लिहावी, पंपाच्या प्लेटवरून आरपीएम (मिनिटाला फेरे) टिपून घ्यावा, आणि तो कागद घेऊन लोहार चाळीत जावं.