गोड्या पाण्यातली जहाजं – लेखांक ५ : एक सांगाडा, सहा नावं

मागच्या लेखात आपण ग्रेट लेक्स सरोवरांच्या वाटेवरच्या सू लॉक्सची रचना पाहिली. आज त्या वाटेवर आयुष्य काढलेल्या एका मालवाहू जहाजाची कुंडली मांडू.

मिशिगनमधल्या इकोर्सच्या गोदीतून १९०६च्या फेब्रुवारीत ‘विल्यम पी. स्नायडर’ पाण्यात उतरलं. लांबी सुमारे ५५२ फूट, रुंदी ५६ फूट. सुपीरियर सरोवराच्या काठचं लोहखनिज खालच्या सरोवरांवरच्या बंदरांत पोचवण्यासाठी ते बांधलं होतं. सुकाणूची खोली अगदी नाकावर, इंजिन शेपटाशी आणि मधली सगळी लांबी मालाला, ही ठेवण सरोवरांवर १८६९ पासून रुजलेली होती. खनिजाच्या धक्क्यावरच्या घसरगुंड्या एकमेकींपासून बारा फुटांवर असत, म्हणून डेकवरची हॅचही बारा किंवा चोवीस फुटांच्या अंतरानं ठेवत. इथे जहाजाचं माप धक्क्यानं ठरवलं आहे.

१९२६ मध्ये त्याचं ‘एल्टन हॉइट दुसरा’ झालं. १९५२ मध्ये हे नाव मालक कंपनीच्या नव्या जहाजाला हवं होतं, तेव्हा जुनं ‘अॅलेक्स डी. चिझम’ झालं. खनिजाच्या धंद्यातल्या बड्या माणसांची नावं जहाजांना देण्याची तिथे रीतच होती.

त्याआधी, १९५०च्या सुमारास, त्याचं मूळ वाफेचं इंजिन काढून स्किनर युनाफ्लो बसवलं गेलं. हे इंजिन नीट समजून घेण्याजोगं आहे. साध्या वाफेच्या इंजिनात वाफ सिलिंडरच्या ज्या टोकानं आत येते त्याच टोकानं बाहेर पडते. त्यामुळे तो भाग गरम वाफेनं तापतो आणि थंड झालेल्या वाफेनं लगेच निवतो. प्रत्येक फेऱ्यात उष्णता वाया जाते. युनाफ्लोमध्ये वाफ वरून शिरते, दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्या खाली पोचला की सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडी पडून तिथून निघून जाते. वाफ मागे फिरतच नाही, म्हणून वरचं टोक गरमच राहतं. कोणी काही म्हणो, वाफेच्या यंत्रातली इतकी साधी, सुंदर युक्ती मला दुसरी दिसलेली नाही.

साठच्या दशकात खनिजाचा धंदा या जहाजाच्या हातून निसटत गेला. सू इथलं बाराशे फुटी पो लॉक तयार होत होतं आणि त्यात मावणारी मोठी जहाजं एका खेपेत कित्येक पट माल नेणार होती. साठ वर्षांच्या जहाजाची रवानगी भंगारात होणं स्वाभाविक होतं. पण पोलाद धडधाकट होतं. समुद्रात पंचवीस-तीस वर्षांत खारं पाणी जहाजाचा पत्रा खाऊन टाकतं. गोव्यातल्या मांडवी-जुवारीच्या भरतीच्या पाण्यात खनिजाचे बार्ज चालवणाऱ्यांना गंज म्हणजे काय, हे सांगावं लागणार नाही. सरोवरांत मीठ नाही, शिवाय बर्फामुळे हिवाळ्यात लॉक्स बंद, म्हणून दरवर्षी डागडुजीला दोन-तीन महिने हक्काचे मिळतात.

म्हणून १९६६-६७ मध्ये मॅनिटोवॉकच्या गोदीत त्याचं सिमेंटवाहू जहाज झालं आणि नाव पडलं ‘मेडुसा चॅलेंजर’. सिमेंटला ओल चालत नाही, भुकटी उघड्यावर उपसताही येत नाही. अशा जहाजांत बंद यंत्रणा लागते: उतरत्या तळातून हवा सोडली की भुकटी पाण्यासारखी वाहू लागते आणि मग ती किनाऱ्यावरच्या सायलोत चढवतात. इथे प्रचंड आकाराचा उपयोग नव्हता. गावोगावचे सायलो एका मर्यादेपर्यंतच माल घेतात, आणि नद्यांची तोंडंही अरुंद. खनिजासाठी लहान ठरलेलं हे जहाज सिमेंटसाठी बेताचं निघालं. मिशिगनमधल्या शार्लव्हॉइच्या कारखान्यातून माल भरून ते शिकागोसारख्या बंदरांत पोचवू लागलं. शिकागो नदीवरचे उघडमिटीचे पूल त्याच्याच फेरीला अडकून बसायचे, वाहतूक तुंबायची. शहरानं त्याला अपशकुनीच ठरवून टाकलं. उघडणारे पूल जुने, त्यात जहाजाचा काय दोष?

मालक बदलले तसं १९९९ मध्ये ‘साउथडाउन चॅलेंजर’ आणि २००५ मध्ये ‘सेंट मेरीज चॅलेंजर’ झालं. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये, १०७व्या वर्षी, ते स्वतःच्या वाफेवर शेवटचं चाललं आणि स्टर्जन बे इथल्या गोदीत शिरलं. तिथे इंजिन असलेला मागचा भाग कापून काढला, त्या जागी खाच केली आणि जहाजाचं बार्ज झालं. आता त्या खाचेत ‘प्रेंटिस ब्राउन’ हा टग नाक घालून ते ढकलतो. टग आणि बार्जच्या जोडीला जहाजापेक्षा कितीतरी कमी खलाशी लागतात, मालकाचा हिशेब तिथे जुळला. सुकाणूची खोली टोलेडोच्या ग्रेट लेक्स संग्रहालयात ठेवली आहे. युनाफ्लो मात्र त्या सांगाड्यात राहिलं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. मालाचे कप्पे १९०६च्याच सांगाड्यात आहेत.

पुढच्या आठवड्यात: खनिज उपसणारी ह्यूलेट यंत्रं, आणि त्यांच्या पंज्याच्या लगेच वर बसून काम करणारा माणूस.