बँक खात्यातून आपोआप जाणारी वर्गणी : ती थांबविणे व गेलेली रक्कम परत मिळविणे

दुधाचा पगार, बाजार समितीतील विक्रीची पट्टी किंवा पीएम-किसान योजनेचा दोन हजार रुपयांचा हप्ता एकदा बँकेत जमा झाला म्हणजे ती रक्कम सुरक्षित झाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु पासबुक छापून आणल्यावर कित्येक खात्यांत असे आढळून येते की, ठराविक तारखेस ठराविक रक्कम वजा होत आहे आणि ती कशापोटी जाते हे घरातील कोणासही सांगता येत नाही. कोणे एके काळी एखाद्या विम्याच्या, मोबाईलवरील सल्ला-सेवेच्या किंवा करमणुकीच्या वर्गणीच्या अर्जावर सही झालेली असते. पुढे सभासदत्व सोडले जाते. बँकेस दिलेली परवानगी मात्र तशीच राहते.

या परवानगीस बँकेच्या व्यवहारात ‘मँडेट’ असे म्हणतात. संस्थेचे सभासदत्व आणि बँकेतील मँडेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शेतकरी बंधूंनी प्रथम ध्यानी घ्यावे. एक रद्द केल्याने दुसरे आपोआप रद्द होतेच असे नाही. फोनमधून ॲप काढून टाकल्याने किंवा सिम कार्ड बदलल्यानेही मँडेट रद्द होत नाही. खाते रिकामे ठेवणे हा उपाय तर मुळीच नव्हे. कारण हप्ता परत गेला की बँक त्याबद्दल दंड आकारते आणि तो पुढे जमा होणाऱ्या दुधाच्या किंवा अनुदानाच्या पैशांतून वसूल होतो.

कपात कोणत्या मार्गाने होते हे पासबुकातील नोंदीवरून कळते. ‘एनएसीएच’ किंवा ‘एसीएच’ अशी अक्षरे असल्यास ती राष्ट्रीय समाशोधन व्यवस्थेतून झालेली कपात होय. अशा प्रत्येक मँडेटला ‘यूएमआरएन’ नावाचा स्वतंत्र क्रमांक असतो. तो शाखेतून मागून घ्यावा, म्हणजे पुढील अर्जांत घोटाळा होत नाही. ‘पीएमएसबीवाय’ म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा, ‘पीएमजेजेबीवाय’ म्हणजे जीवनज्योती विमा आणि ‘एपीवाय’ म्हणजे अटल पेन्शन. यूपीआयवरील स्वयंचलित कपात 2020 सालापासून सुरू झाली असून ती त्याच ॲपमधील ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ या विभागात दिसते व तेथेच रद्द करता येते. कार्ड व यूपीआयवरून होणाऱ्या अशा कपातीपूर्वी किमान 24 तास ग्राहकास सूचना मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक 1 ऑक्टोबर 2021 पासून अमलात आला. परंतु खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक जुना असेल, तर ती सूचना भलत्याच हाती जाते.

आता गेलेली रक्कम परत मिळण्याचा प्रश्न. येथे सर्व प्रकरणे सारखी नसतात. बँकेस मँडेट रद्द करण्याचा लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली आणि त्यानंतरही रक्कम कापली गेली, तर ती परत करण्याची जबाबदारी बँकेवर टाकता येते. केवळ संस्थेस कळविले व बँकेस कळविले नाही, तर मागणी प्रथम संस्थेकडे करावी. सभासदत्व संपल्याच्या तारखेचा कागद किंवा संदेश हा तेथे मुख्य पुरावा होय. दोघांपैकी कोणासही कळविले नसेल, तर मागील रकमेवर हक्क सांगणे कठीण असते, तरीही सेवा वापरलेली नाही असे दाखवून मागणी करण्यास हरकत नाही. काही संस्था निदान शेवटचा हप्ता परत करतात. आणि मुळात संमतीच दिली नव्हती असे असेल, तर ते अनधिकृत व्यवहाराचे प्रकरण ठरते. तेथे विलंब घातक आहे. बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत कळविल्यास ग्राहकावर तोशीस पडू नये, असे रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने ठरवून दिले. आपणच पूर्वी दिलेली व नंतर विसरलेली परवानगी मात्र या सदरात बसत नाही.

अर्जाचा मजकूर साधा असावा. ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या बचत खात्यातून अमुक संस्थेस जाणारी रक्कम, यूएमआरएन अमुक, आजपासून बंद करावी. या संस्थेचे सभासदत्व मी अमुक तारखेस सोडले आहे. त्या तारखेनंतर अमुक दिवशी अमुक रक्कम कापली गेली, ती माझ्या खाती परत जमा करावी. मँडेटची व माझ्या संमतीची प्रत मला द्यावी.’ इतके पुरे. दोन प्रती कराव्यात आणि एकीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी. तोंडी सांगून परतणे हीच आपल्याकडील मोठी उणीव आहे. साहेबांनी ‘होईल’ म्हटले, यास पुढे काहीही किंमत राहत नाही.

विम्याच्या कपातीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. जीवनज्योतीचा वार्षिक हप्ता 1 जून 2022 पासून 436 रुपये व सुरक्षा विम्याचा 20 रुपये झाला. विम्याचे वर्ष 1 जून ते 31 मे असे असते. ज्यांची जिल्हा बँकेत एक व राष्ट्रीयीकृत बँकेत एक अशी दोन खाती आहेत, त्यांच्या दोन्ही खात्यांतून हप्ता जाण्याचा संभव असतो. दुसऱ्या खात्यातील 456 रुपये म्हणजे चार वर्षांत 1824 रुपये होतात. दोनदा हप्ता भरला म्हणून वारसास दुप्पट रक्कम मिळत नाही. प्रत्येक योजनेत संरक्षण दोन लाखांपुरतेच राहते आणि जादा हप्ता जप्त होऊ शकतो, असा योजनेचा नियम आहे. म्हणून हा पैसा मागून मिळविण्यापेक्षा मे महिन्यापूर्वी एका खात्यातील कपात बंद करणे श्रेयस्कर. मात्र दोन्ही खात्यांतील बंद करू नये. वीस रुपये वाचविण्याच्या भरात विमा संपुष्टात आला आणि त्याच वर्षी अपघात घडला, तर कुटुंब दोन लाखांस मुकते. बंद करण्याचा अर्ज लिहून देणाऱ्या कार्यकर्त्याने दुसऱ्या खात्याचे पासबुक स्वतः पाहिल्याशिवाय सही घेऊ नये.

कर्ज मंजूर होताना हाती ठेवलेल्या निराळ्या विमा पॉलिसीचा हप्ता हाही असाच एक प्रकार. पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते व किरकोळ खर्च वजा जाता रक्कम परत मिळते. विमा कंपनीने दाद न दिल्यास 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

पीक विमा खरीप 2020 पासून कर्जदार शेतकऱ्यांसही ऐच्छिक झाला आहे. राज्यातील एक रुपयाची योजना खरीप 2023 मध्ये सुरू झाली व खरीप 2025 पासून बंद झाली. त्यामुळे शेतकऱ्याचा हिस्सा, म्हणजे विमासंरक्षित रकमेच्या खरिपास दोन टक्क्यांपर्यंत, रब्बीस दीड टक्क्यापर्यंत व नगदी पिकांस पाच टक्क्यांपर्यंत, पुन्हा पीककर्ज खात्यातून जाऊ लागला. ज्यांस विमा नको असेल, त्यांनी नोंदणीच्या अंतिम तारखेपूर्वी किमान सात दिवस बँकेस तसे लेखी कळवावे लागते. न कळविल्यास तीच संमती समजली जाते. विमा घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न येथे नाही; जिरायत टापूत तो सोडण्यापूर्वी दोनदा विचार करावा, एवढेच आमचे मत आहे.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही 1 नोव्हेंबर 2025 पासून या योजनेच्या कक्षेत आल्या आहेत. वर्गणी घेणाऱ्या खाजगी संस्थेविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 येथे तक्रार करावी. सभासदत्व सोडणे मुद्दाम अवघड करून ठेवणे ही फसवी रीत होय, असे केंद्राच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असून पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांस तेथे शुल्क नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते.

कर्जाचा हप्ता ज्या मँडेटमधून जातो, ते मात्र या ओघात बंद करू नये. त्याने कर्ज थकते. आणि खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यामुळे असा हप्ता परत गेल्यास 2007 च्या कायद्याखाली फौजदारी कारवाईही होऊ शकते.

तसेच ‘तुमचे कापलेले पैसे परत मिळवून देतो’ असे सांगणारे फोन येतात. पैसे खाती जमा होण्यासाठी पिन किंवा ओटीपी कधीही लागत नाही. बँकेचा क्रमांक पासबुकावर छापलेला असतो, तोच वापरावा.