पायाला सूज नाही, तरी फुप्फुसात पाणी?

डायलिसिसला आलेला रुग्ण वजनकाट्यावर उभा राहतो. मागच्या वेळेपेक्षा तीन किलो जास्त. सोबतचा मुलगा वाकून वडिलांच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहतो. खड्डा पडत नाही. "सूज नाही हो सिस्टर, पाणी जरा कमीच काढा."

पाय कोरडे म्हणजे अंगात पाणी नाही, हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. इटलीतल्या कार्मिने झोक्काली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९२ डायलिसिस रुग्णांची फुप्फुसं सोनोग्राफीने तपासली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. ४५ टक्के रुग्णांच्या फुप्फुसात मध्यम ते जास्त पाणी होतं, आणि त्यांतल्या ७१ टक्क्यांना धाप वगैरे त्रास नव्हता किंवा अगदी किरकोळ होता. फुप्फुसात फारच पाणी असलेल्यांना मृत्यूचा धोका, पाणी नसलेल्या किंवा थोडंच असलेल्यांच्या चौपटीहून अधिक होता.

"फुप्फुसात पाणी" म्हटलं की आपल्याकडे घरचे घाबरतात, आता सुई टोचून काढणार म्हणून. ते पाणी वेगळं. ते फुप्फुसाबाहेर, आवरणाच्या दोन पदरांमध्ये साठतं. इथे पाणी फुप्फुसाच्या आतच मुरलेलं असतं आणि ते डायलिसिसनेच निघतं.

फुप्फुसात हवा, मग सोनोग्राफीत काय दिसणार? शंका रास्त आहे, हवेतून ध्वनिलहरी पलीकडे जात नाहीत. पण बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवला की पडद्यावर आवरणाची चकचकीत आडवी रेघ श्वासाबरोबर सरकताना दिसते. फुप्फुसात पाणी मुरू लागलं की त्या रेघेतून उभे पांढरे झोत निघतात, टॉर्चच्या उजेडासारखे थेट पडद्याच्या तळापर्यंत. या बी-लाइन. छातीवरच्या ठरावीक जागी, पूर्ण पद्धतीत २८ ठिकाणी, त्या मोजतात. काही मिनिटांचं काम, किरणोत्सर्ग नाही. डायलिसिसनंतर त्या कमी झालेल्याही दिसतात.

मात्र बी-लाइन म्हणजे पाणीच, असंही नाही. न्यूमोनियात, फुप्फुस कडक होण्याच्या आजारातही त्या दिसतात. आणि या तपासणीने आयुष्य वाढतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही. हृदयाचा धोका जास्त असलेल्या ३६३ रुग्णांवरच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लस्ट' चाचणीत सोनोग्राफी पाहून उपचार केलेल्यांची फुप्फुसं अधिक कोरडी झाली; पण मृत्यू, हार्ट अटॅक आणि हार्ट फेल्युअर यांचा एकत्रित हिशेब केला तेव्हा ठळक फरक दिसला नाही. म्हणून ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, ठरवताना बीपी, लक्षणं, हृदयाची तपासणी यांच्या जोडीला ही सोनोग्राफी घ्यावी. एकटीच्या भरवशावर पाणी ओढू नये. एकदम जास्त ओढलं तर बीपी पडतं, पायात गोळे येतात.

पुढच्या डायलिसिसच्या वेळी डॉक्टरांना एवढं जरूर सांगा: रात्री आडवं झाल्यावर दम लागतो का, आणि उशाला उशी एक पुरते की दोन लागतात. पायाला सूज नसली तरी सांगा.