मोजमापाची वही आपल्या मुलांच्या हाती यावी

१९९७ सालची गोष्ट. मी अकरावी कॉमर्सला होतो. आमचे आप्पा प्लॅस्टरचे गवंडी. डोंबिवली पूर्वेला चाळीस फ्लॅटच्या एका इमारतीचे आतले प्लॅस्टर त्यांनी आणि त्यांच्या दोन जोडीदारांनी बरासच्या भावाने घेतले होते. काम संपले, मोजमाप झाले आणि आप्पा हिशेबाचा कागद घेऊन घरी आले. “बघ रे, काहीतरी कमी येतंय,” एवढेच म्हणाले. घरातला शिकलेला मी. बेरजा तपासल्या, गुणाकार तपासले. “आप्पा, हिशेब बरोबर आहे,” असे मी सांगितले आणि आप्पांनी सही केली.

हिशेब बरोबर नव्हता. ते मला कळायला दहा-बारा वर्षे लागली. बी.कॉम. होऊन बिलांच्या टेबलावर कारकून म्हणून बसलो, तेव्हा निवृत्तीला आलेल्या एका ओव्हरसियरसाहेबांनी आय.एस. १२०० ही पुस्तिका माझ्यासमोर ठेवली. बांधकामाचे मोजमाप कसे घ्यावे याचे हे भारतीय मानक. त्याचा भाग १२ प्लॅस्टरचा. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा वजाच करायची नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतचे दार किंवा खिडकी असेल, तर भिंतीच्या एकाच बाजूने वजा करायची. दुसरी बाजू भरलेली धरायची, कारण दाराच्या कडा काढण्यात गवंड्याचा जो वेळ जातो त्याची भरपाई त्यात होते. आप्पांच्या कागदावर प्रत्येक दार दोन्ही बाजूंनी वजा होते. दार तीन फूट बाय सात फूट, म्हणजे २१ चौरस फूट; मीटरमध्ये दोनच्या आतच. फ्लॅटमागे तीन दारे, चाळीस फ्लॅटची १२० दारे. २,५२० चौरस फूट, पंचवीस बरासच्या वर! तिघा गवंड्यांची आठवडाभराची मजुरी एका वजाबाकीत गेली, आणि ती वजाबाकी मीच बरोबर म्हटली होती.

खासगी मजुरीच्या ठेक्यात जसे ठरले तसेच माप, हे खरे. पण आप्पांचे काहीच ठरले नव्हते, कारण ठरवायचे असते हेच आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हते.

या मोजमापाच्या विद्येला क्वांटिटी सर्व्हेइंग म्हणतात. नकाशा वाचून विटा, सिमेंट, सळई, मजुरी किती लागेल ते काढणे, प्रत्येक कामाचा दर बांधणे, टेंडरचे परिमाणपत्रक तयार करणे, काम चालू असताना मोजमाप वहीत नोंदी घेऊन ठेकेदाराचे चालू बिल तपासणे, जादा कामाचा वाद आला तर कागद काढून दाखवणे, हे सगळे त्यात येते. बांधकामावर शेकडो लोक राबतात, पण कोणाला किती पैसे मिळणार ते या एका टेबलावर ठरते. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब पाहा, घोडबंदर रोडवरचे मनोरे पाहा. पाया खणणाऱ्यांत, सेंटरिंग ठोकणाऱ्यांत, सळई बांधणाऱ्यांत आपली माणसे आहेत. त्या टेबलाशी किती आहेत?

हा प्रश्न बाबासाहेबांनी फार पूर्वी विचारला होता. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना जे निवेदन दिले, त्यात नोकऱ्या व शिक्षणाबरोबर केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ठेक्यांमध्ये अस्पृश्य समाजाला वाटा नाही, ही तक्रारही मांडली होती. आपण त्यातले नोकरी आणि शिक्षण लक्षात ठेवले, ठेका विसरलो.

आता मुलांनी शिकायचे कुठे? इंग्लंडमध्ये हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्यांची सनद देणारी लंडनची संस्था १८६८ सालची. श्रीलंकेत मोरटुवा विद्यापीठात या विषयाची स्वतंत्र पदवी आहे, आणि दुबई-कतारच्या बांधकामांवर श्रीलंकेची मुले या कामावर मोठ्या संख्येने दिसतात. आपल्याकडे मात्र या नावाची पदवी क्वचितच सापडते. आपला नेहमीचा रस्ता सिव्हिलचा. दहावीनंतर तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमा. त्यात एस्टिमेटिंग-कॉस्टिंग हा विषय असतो. मुंबई विद्यापीठाच्या सिव्हिल पदवीतही क्वांटिटी सर्व्हे, एस्टिमेशन व व्हॅल्युएशन हा विषय आहे. माटुंग्याचे व्हीजेटीआय, विद्याविहारचे सोमय्या पॉलिटेक्निक, वांद्र्याचे शासकीय पॉलिटेक्निक ही कल्याणहून लोकलने गाठता येणारी ठिकाणे. डिप्लोमा चांगल्या गुणांनी झाला तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पुण्यात बालेवाडीच्या निकमारमध्ये बांधकाम व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, पण तेथील फी लाखांत आहे. आधी दोन-तीन वर्षे साइटवर काढावीत आणि मग ठरवावे, असे माझे मत.

स्टेशनबाहेरच्या फलकांवर तीन महिन्यांत ‘क्यू.एस.’ करून देणारे क्लासही दिसतील. एक्सेल आणि ऑटोकॅड शिकायला हरकत नाही, ते लागतेच. परंतु ज्याच्याकडे सिव्हिलची पदविका वा पदवी नाही, त्याने नुसत्या त्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळेल असे समजून कर्ज काढू नये. आमच्या वस्तीतल्या एका मुलाने काढले होते. आज तो कुरिअर वाटतो.

पैशाचे म्हणाल, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर राज्याची फ्रीशिप आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा. जात वैधता प्रमाणपत्राला उशीर लावू नका. प्रवेशाच्या महिन्यात धावणारे पालक मी दरवर्षी पाहतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच घरांत माहीत नसते. वडील किंवा आई बांधकामावर वर्षात नव्वद दिवस काम करत असतील, तर त्यांची नोंदणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात होते, आणि नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना शिक्षणासाठी मदत मिळते. मंडळाच्या योजनेत अभियांत्रिकी पदवीला वर्षाला ६० हजार आणि पदविकेला २० हजार रुपये आहेत. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला नव्वद दिवसांचा दाखला मिळवणे अवघड जाते, हे मान्य. तरीही नूतनीकरण चुकवू नये.

आमच्या विहारातल्या रविवारच्या वर्गाला एका सळई फिटरची मुलगी येते. यंदा तिची दहावी झाली. तिला मी सळईच्या वजनाचे सूत्र सांगितले: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागायचे की एका मीटरचे किलोतले वजन येते. १२ मिलिमीटरची बारा मीटरची सळई तिने वहीत केली, दहा किलो ६७० ग्रॅमच्या आसपास. घरी जाऊन वडिलांना विचारले, तर ते जेवता जेवता म्हणाले, “साडेदहाच्या वर भरती.” वीस वर्षे खांद्यावर वाहून त्यांना ते ठाऊक होते. तिच्या आईची मात्र काळजी वेगळी: “मुलीनं साइटवर उन्हातान्हात कशाला जायचं?” मी म्हटले, ताई, तुम्हीही घमेली उचललीच की. त्या हसल्या, पण अजून हो म्हणालेल्या नाहीत. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. सुरुवातीला साइटवर जावेच लागते, पगारही बेताचाच असतो, आणि पुष्कळ साइटवर बायकांसाठी धड संडाससुद्धा नसतो.

सध्या आमच्या विहाराला रंग द्यायचा आहे. रंगाऱ्याने साडेतेरा बरास लिहून दिले. हॉल वीस बाय तीस, उंची दहा फूट; नुसत्या चार भिंती धरल्या तर दहा बरास होतात. छत त्याच्या कामात नाही. मग वरचे साडेतीन कुठून आले? मागच्या रविवारी तीन मुलांच्या हाती टेप दिला आणि दारे-खिडक्या वजा करून माप आणायला सांगितले. तिघांची तीन उत्तरे आली. या रविवारी पुन्हा मोजायचे आहे. रंगाऱ्यालाही बोलावले आहे.